काळजीचं कारण नाही

माझी बायको धाकट्या बहिणीकडे राहायला गेली, तेव्हा जाताना दारात उभी राहून म्हणाली, “परत यायचं की तिथेच राहायचं, ते मी येत्या शनिवारी सांगते.” त्यावर मी काय बोललो ते प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण नोंदी करणं हाच माझा धंदा आहे. मी म्हणालो, “शनिवारी कसं जमणार? शनिवारी कपाटाचं उद्घाटन आहे.”

“मग तिथेच येऊन सांगते,” ती म्हणाली आणि बॅग उचलून जिना उतरली. बॅग जड होती. ती जड होती हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

मी निसर्ग संग्रहालयात फलक लिहितो. पेंढा भरलेल्या प्राण्याशेजारी एक पाटी असते, जी कुणी वाचत नाही, ती माझी. प्राणी कोणत्या वर्गातला, कोणत्या गणातला, कोणत्या कुळातला, कुठे आढळतो, काय खातो, आणि शेवटी ठळक अक्षरात त्याची स्थिती: अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, किंवा सगळं ठीकठाक असेल तर ‘काळजीचं कारण नाही’. एकोणतीस वर्षं हेच करतोय; नोकरी आणि लग्न एकाच वर्षीचं. एवढ्या वर्षांत माणसाला खोड लागते, समोर येईल त्याला खान्यात टाकायची. शेजारी, वरिष्ठ, बसचे कंडक्टर, सगळ्यांची कुळं मी ठरवून ठेवली आहेत. स्वतःचं तेवढं तपासलेलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवाही काही फार मोठा नाही.

शनिवारी उघडायचं होतं ते कपाट क्रमांक सात म्हणजे माझ्या आयुष्याचं सार्थक, असं मी निदान चार जणांना सांगितलं होतं. त्यात दोनच प्राणी होते. डावीकडे खवल्या मांजर, उजवीकडे अमेरिका खंडातला आर्माडिलो. दोघांच्या अंगावर चिलखत, दोघांची तोंडं लांबट, दोघंही मुंग्या आणि वाळवी उकरून खाणारे. बघणाऱ्याला वाटावं, सख्खे चुलत भाऊ. पण नात्याचा पत्ता नाही. एकाचे खवले म्हणजे आपल्या नखांचाच ऐवज, तर दुसऱ्याच्या पाठीवर हाडांच्या पट्ट्या. खवल्याचं दूरचं नातं कुत्र्या-मांजरांशी, आर्माडिलोचं झाडाला उलट्या लोंबकळणाऱ्या स्लॉथशी. पोटापाण्याचा धंदा एक, म्हणून रूप सारखं झालं, बाकी काही नाही.

स्थितीही अगदी उलट. आमच्याकडचा खवल्या ज्या जातीचा आहे ती जात अतिसंकटग्रस्त. आर्माडिलोची ही जात मात्र मजेत आहे, रानात, शेतात, रस्त्याकडेला, कुठेही. संकट आलं की खवल्या अंगाची गुंडाळी करून पडून राहतो. ती गुंडाळी सिंहालाही उघडता येत नाही, पण माणूस येतो, उचलतो आणि पोत्यात टाकतो. आर्माडिलो दचकला तर जागच्या जागी सरळ वर उडी मारतो. हे सगळं मी फार सुंदर लिहिलं होतं. मला तसं वाटत होतं, आणि तेव्हा माझ्या मताला घरातही विरोध उरला नव्हता.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा धोंडा त्याच पद्धतीने पायावर पडला. मी मजकूर हाताने पिवळ्या कार्डावर लिहितो आणि तळघरातल्या लाकडी ट्रेमध्ये टाकतो. छपाईवाल्या बाई ट्रे उचलतात आणि कार्डावर जे असेल ते पाटीवर छापून कपाटाला लावतात. पूर्वी त्या मध्येच विचारायच्या, “हे वाक्य जरा लांब नाही का?” एकदा त्यांनी माझा एक शब्द बदलला, आणि तो बदल बरोबर होता, ही त्यातली खरी वाईट गोष्ट. मी तीन दिवस फणफणलो आणि साहेबांकडून लेखी नियम काढून आणला: पिवळ्या कार्डावरचा काना-मात्राही बदलायचा नाही, आणि मजकुरावर मत द्यायचं नाही. बाईंनी तो नियम छापून, चौकट करून, स्वतःच्या टेबलावर लावला. मला तो विजय वाटला होता.

बायको का गेली, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. ती भूमापन कार्यालयात नकाशे काढायची. या वर्षी निवृत्त झाली. निरोप समारंभाच्या दिवशी आमच्या कपाटाची काच येणार होती, म्हणून मी गेलो नाही. काच दुसऱ्या दिवशी आली. समारंभाच्या संध्याकाळी ती पुष्पगुच्छ मोरीतल्या बादलीत ठेवत म्हणाली, “आता मी काय करावं, असं वाटतं तुम्हाला?” मी वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणालो, “तुझं काय, तू कुठेही रमतेस.” मला ते कौतुक वाटलं होतं. तिने बादली भरून घेतली. मग जेवणं झाली, आणि दोन महिन्यांनी तिने बॅग भरली.

बुधवारी मी कामावरून मेहुणीकडे फोन केला. मेहुणीने उचलला. “थांबा हं भाऊजी, ताईला बोलावते,” म्हणून रिसीव्हर तसाच ठेवून ती गेली. मागे कुठेतरी शीळ ऐकू येत होती. काय शीळ होती! वर चढत जायची, एका टोकाला जरा थांबायची आणि घसरगुंडीवरून यावी तशी खाली यायची. मी कान टवकारून ऐकत राहिलो. मेहुणीची हाक ऐकू आली आणि शीळ थांबली. थोड्या वेळाने बायको फोनवर आली.

“आत्ता तिकडे मागे कस्तूर शीळ घालत होता,” मी म्हणालो. ती कशी आहे हे विचारायच्या आधी मी हे म्हणालो.

“काय घालत होता?”

“शीळ. कस्तूर पक्षी. ऐकू नाही आला? नरच असणार. माद्यांना एवढं गाता येत नाही.”

ती म्हणाली, “असेल.”

“असेल नाही, आहेच. सुरांच्या चढणीवरून लगेच कळतं.”

“बरं,” ती म्हणाली. “जेवताय ना?”

मी म्हटलं ब्रेड खातोय, आणि नंतर दहा मिनिटं तिला आर्माडिलोच्या पाठीवरच्या पट्ट्यांबद्दल सांगितलं. शेवटी ती म्हणाली, “येते शनिवारी,” आणि फोन ठेवला. आवाजावरून काहीच अंदाज लागेना. मला भीती वाटली. पण भीती वाटली की मी घाबरत नाही, चिडतो. त्या चिडीत मी हाताशी असलेलं पिवळं कार्ड ओढलं आणि वर ‘तुलना’ असं लिहून खाली खरडलं:

“नमुना अ, नर. वर्ग: सस्तन. गण: कारकून. कुळ: स्वतःचंच खरं करणारे. आढळ: तळघर आणि खुर्ची. आहार: पुढ्यात येईल ते, हल्ली ब्रेड. संकट आलं की गुंडाळी करून पडतो. स्थिती: अतिसंकटग्रस्त.

नमुना आ, मादी. वर्ग: सस्तन. गण: नकाशेवाले. कुळ: वरच्यापेक्षा अगदी वेगळं. दोघांचं नातं असल्याचा पुरावा नाही. आढळ: सर्वत्र. कुठेही सोडा, रमते. दचकली की सरळ वर उडी मारते आणि बहिणीकडे उतरते. स्थिती: काळजीचं कारण नाही.

टीप: दोन्ही नमुने एकोणतीस वर्षं एकाच कपाटात ठेवलेले आहेत. दिसणारं साम्य केवळ सवयीमुळे.”

वाचून मला हसू आलं. स्वतःला कारकून म्हणण्याइतका मी मोठ्या मनाचा आहे, याचं मला विशेष कौतुक वाटलं. कार्ड टेबलावरच्या तयार कार्डांच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो, गठ्ठा उचलला, ट्रेमध्ये टाकला आणि निवांत घरी गेलो.

शनिवारी मी नवा शर्ट घातला. साहेब दालनात पडदा ओढणार होते. पण बायकोची बस कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून मी बाहेरच्या मोठ्या दारात उभा राहिलो. जवळून एकही पाटी पाहिली नाही. आयुष्यात प्रथमच कपाटापेक्षा बायकोला जास्त महत्त्व दिलं, आणि नेमकं तेच नडलं.

आतून टाळ्या ऐकू आल्या. मग हशा. मग आणखी मोठा हशा. एकोणतीस वर्षांत माझ्या पाटीला कुणी साधं हुं केलं नव्हतं. मी शर्टाची कॉलर सरळ केली. मनात म्हटलं, शेवटी लोकांना कळलं, वर्गीकरणातही गंमत असते, फक्त लिहिणारा हवा.

तेवढ्यात ती पायऱ्या चढून आली. रापली होती. हातावर हिरव्या रंगाचा एक डाग होता. “उशीर झाला का?” तिने विचारलं.

“मुळीच नाही. ऐकतेस ना? लोक माझी पाटी वाचून हसताहेत.” मी तिचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत, “जरा सरका, जरा सरका,” करत तिला थेट कपाटापुढे नेऊन उभं केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी हात धरून नेऊन केलं. “वाच,” म्हणालो, आणि तिच्या खांद्यावरून मीही वाचू लागलो.

‘नमुना अ, नर’ हे शब्द चांगले बोटभर उंचीचे छापले होते. खरी तुलनेची पाटी खाली, गुडघ्याशी लावलेली होती. मी बायकोपुढे हात आडवा धरला, जणू हाताने पाटी झाकता येणार होती. तिने माझा हात शांतपणे बाजूला केला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, टिपेसकट वाचलं. ती नकाशे तपासायची तेव्हा असंच वाचायची, हे मी एकदाच तिच्या कार्यालयात गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं.

“अगं, ही गंमत होती. ही लावायची नव्हती. त्या बाईंनी...”

“तुमची पेन्सिल द्या.”

कानावरची पेन्सिल मी काढून दिली. लोक बाजूला झाले होते. साहेब पुष्पगुच्छ धरून उभे होते. तिने वाकून ‘काळजीचं कारण नाही’ यावर एक सरळ रेघ मारली, पट्टीने मारावी अशी, आणि वर लिहिलं, ‘माहिती अपुरी’.

हेही आमच्या यादीतलंच आहे. मी ते क्वचित वापरतो. प्राणी सुखात आहे की संपत आलाय, कमी होतोय की वाढतोय, काहीच सांगता येत नाही, कारण कुणी जाऊन नीट पाहिलेलंच नाही, अशा वेळी ते लिहायचं असतं. त्यात नाचक्की प्राण्याची नसते, बघणाऱ्याची असते.

“तुम्ही जिवंत खवल्या मांजर कधी पाहिलंय?” तिने विचारलं.

“नाही.”

“आणि हा दुसरा?”

“तोही नाही.”

“मग एवढं लिहिता कशावरून?”

“पुस्तकांवरून.”

“माझ्यावर तर पुस्तकही नाही,” ती म्हणाली.

ती रागावली असती तर मला जमलं असतं. रागावलेल्या माणसापुढे गुंडाळी करून पडायचा मला सराव आहे. ती रागावली नव्हती, थकली होती. मला इतकी लाज वाटली की शेजारच्या कपाटातल्या घुबडाकडेही बघवेना. तरी विचारलंच, “मग काय ठरवलंस? परत येतेस ना?”

“तेच सांगायला आले होते. आता नाही सांगत. मी चार तास बसमधून तुमच्या कपाटापर्यंत यायचं आणि माझी स्थिती सांगून जायचं, असं किती दिवस? नमुना कधी स्वतः चालत येतो का?” तिने पेन्सिल माझ्या खिशात खोचली. “बस आहे माझी.” आणि गेली.

मी छपाईवाल्या बाईंना तळघरात गाठलं. “तुम्हाला कळलं नाही, ही गंमत आहे ते?”

बाईंनी टेबलावरच्या चौकटीकडे बोट केलं. “काना-मात्रा बदलायचा नाही.”

“पण निदान विचारायचं तरी!”

“मत द्यायचं नाही. तेही तिथेच लिहिलंय.” त्या हातावरची शाई पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “आता देऊ का मत?”

“द्या.”

“छापताना मला वाटलं, ह्या माणसाने नरावर निदान पाच गोष्टी खऱ्या लिहिल्यात. मादीवर एकही नाही.”

तेवढ्यात साहेब जिना उतरून आले आणि म्हणाले, पाटी फक्कड झाली आहे, विशेषतः ती पेन्सिलने केलेली दुरुस्ती, लोक थांबून वाचतात, तशीच राहू द्या. एकोणतीस वर्षांत त्यांनी माझ्या कामाचं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि त्यातला चांगला भाग बायकोचा होता. मी पाटी काढून घेतली. मग आठवडाभराची रजा लिहून दिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘निरीक्षण’.

सोमवारी सकाळची बस धरली. खिशात दहा कोरी पिवळी कार्डं घेतली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बसमध्ये मी प्रश्नांची यादी करायला घेतली, तिला काय आवडतं, काय नाही, आणि असं लक्षात आलं की चहात ती साखर किती घेते, हेही मला नक्की सांगता येत नाही. दीड चमचा, असं मी लिहिलं. मग पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

मेहुणीची रोपवाटिका आहे, गावाच्या टोकाला, मागे तिचं एकमजली घर. फाटक उघडून आत शिरलो आणि तीच शीळ ऐकू आली. चढत गेली, थांबली, घसरत खाली आली. मी जागच्या जागी थबकलो. म्हटलं, देव पावला. दोन मिनिटांत पक्षी शोधायचा, बायकोला दाखवायचा, बोलायला विषय मिळाला. बॅग खाली ठेवून मी कुंपणाजवळच्या झाडाखाली गेलो आणि मान वर करून फांदीन् फांदी बघू लागलो. शीळ चालूच होती. मी दुसऱ्या झाडाखाली गेलो. मान दुखायला लागली. पानांतून एक किडा माझ्या चष्म्यावर पडला.

“भाऊजी?” मेहुणी रोपांची टोपली घेऊन उभी होती. “झाडात काय शोधताय?”

मी ओठांवर बोट ठेवलं. “शू! कस्तूर. उडून जाईल.”

तिने आधी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग टोपली खाली ठेवली, माझे दोन्ही खांदे धरले आणि मला घराकडे वळवलं.

भिंतीला शिडी लावली होती. शिडीवर माझी बायको उभी होती, साडीचा पदर खोचून, हातात ब्रश, शेजारी हिरव्या रंगाचा डबा टांगलेला. ती खिडकीची झडप रंगवत होती आणि ओठांचा चंबू करून शीळ घालत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा वळसा एकोणतीस वर्षांचा झाला.

ती ब्रश बुडवायला वळली आणि तिला मी दिसलो. शीळ थांबली. मग ती वरूनच म्हणाली, “काय हो, नर की मादी?”

मेहुणी तोंडाला पदर लावून आत पळाली.

“हे... तुला कधीपासून येतं?” मी विचारलं.

“शाळेत होते तेव्हापासून.”

“मग घरी कधी ऐकलं कसं नाही?”

“ऐकलंत की. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात. खोलीतून ओरडलात, तो आवाज बंद कर, मी लिहितोय.” तिने हे अगदी सहज सांगितलं. “मग बंद केला.”

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मी काय लिहीत होतो तेही आठवत नाही. कुठल्या तरी बेडकाची पाटी असेल. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चष्म्यावरच्या किड्यामुळे नव्हतं.

“सोमवार आहे ना आज?” ती म्हणाली. “काम नाही?”

“रजा घेतलीय.”

“किती दिवस?”

तोंडात ‘आठवडा’ आलं होतं. “माहिती अपुरी,” मी म्हणालो.

ती हसली. मोठ्याने नाही, पण शिडी हलली. “शिडी धरा आता, आलाच आहात तर. सकाळपासून डुगडुगतेय.”

मी शिडी धरली. परत येणार का, हा प्रश्न ओठांवर आला होता. तो गिळला.

“पुन्हा घाल ना,” मी म्हणालो. “मी लिहीत नाहीये.”

तिने खाली वाकून माझे हात कुठे आहेत ते पाहिलं. दोन्ही शिडीला होते. मग ती झडपेकडे वळली, ब्रश रंगात बुडवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.